तीनशे किलोला पास झालेली खुर्ची

गल्लीत त्यांना सगळे साहेब म्हणायचे, आणि ते वळणाआड गेले की मग पूर्ण नाव घ्यायचे: नापाससाहेब. नाव पाडणाऱ्याचं काही चुकलं असं म्हणायची सोय नाही. शिड्या आणि स्टुलं बनवणाऱ्या कारखान्यात साहेबांनी एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. तिथली पद्धत अशी, की शंभर शिड्या तयार झाल्या की त्यातली एक उचलायची, तिच्यावर वजन चढवत चढवत ती मोडायची, किती वजनाला मोडली ते कागदावर लिहायचं आणि उरलेल्या नव्व्याण्णव शिड्यांवर पासचा शिक्का मारायचा. पद्धत एकदम चोख. भानगड एवढीच झाली, की निवृत्त होताना साहेबांनी शिक्का कारखान्यात जमा केला आणि पद्धत घरी घेऊन आले.

खरं तर पद्धत घरात लग्नापासूनच होती. निवृत्तीनंतर तिला दिवसभर मोकळं रान मिळालं, इतकंच. त्यांच्या घरात कुठलीही वस्तू एकटी यायची नाही, जोडीनंच यायची. एक मोडायला आणि एक वापरायला. छत्र्या दोन आणल्या, त्यातली एक ओसरीत बसून दोन हजार वेळा उघडमीट केली, आणि दुसरी पास झाली तोवर पावसाळा संपला. चहाची किटली पाण्याने गच्च भरून आठ दिवस खिडकीच्या गजाला टांगली होती, कान सुटतो का बघायला. समोरच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "पक्ष्यांसाठी का हो?" चादर चाळीस वेळा धुतल्यावर मगच पलंगावर आली. तेव्हा तिचा रंग काय होता हे फक्त साहेबांच्या वहीत लिहिलेलं राहिलं होतं.

आणि खोटं कशाला बोला, जे पास व्हायचं ते खरंच नामी असायचं. सुरी बावीस वर्षं चालली होती. बादलीचा कान कधी निसटला नाही. नातेवाईक घरी आले की वस्तू हातात घेऊन उलट्यासुलट्या करून बघायचे आणि "अशी आम्हाला कुठे मिळत नाही बुवा" म्हणायचे. साहेबांची बायको त्यांना चहा देता देता म्हणायची, "मिळेल की. फक्त वाट बघायची तयारी हवी." हे ती हसत म्हणायची, म्हणून साहेबांना ते कौतुकच वाटायचं.

मग तिचा गुडघा गेला.

गुडघा बदलावा लागला. ऑपरेशन झालं, बारा दिवस दवाखान्यात गेले, आणि पुढे महिनाभरासाठी मुलीने आईला आपल्या घरी नेलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी निघताना साहेबांना बजावून सांगितलं होतं, "घरी एक खुर्ची हवी. बैठक जमिनीपासून एकोणीस इंच. हात भक्कम आणि पुढपर्यंत आलेले, म्हणजे त्यावर जोर देऊन त्यांना आपलं आपण उठता येईल. हलता कामा नये. आणि एक लक्षात ठेवा, आता पुन्हा पडून चालायचं नाही." साहेबांनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि 'पडून चालायचं नाही' याच्याखाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवसापासून साहेब खुर्चीच्या मागे लागले. दहा दिवसांत अकरा खुर्च्या नापास केल्या. एकीचे हात आखूड, दुसरीची बैठक भुशासारखी, तिसरी बघायला देखणी पण खालून नुसते स्क्रू. एका मोठ्या दुकानात ते खुर्चीखाली उताणे झोपून सांधे तपासत होते, तर विक्रेती मुलगी धावत पाणी घेऊन आली. "आजोबा, चक्कर आली का?" साहेब खालूनच म्हणाले, "मला नाही, तुमच्या खुर्चीला येईल." दुकानाच्या मालकाने त्यांना फार अदबीने दारापर्यंत पोचवलं आणि रस्त्याच्या पलीकडच्या दुकानाचा पत्ता दिला. पलीकडच्याने त्यांना पुन्हा इकडचा दिला.

इकडे मुलीचा फोन आला. मुलगी आईसारखी हसत बोलणारी नव्हती. "बाबा, पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी चार वाजता मी आईला घेऊन येते. खुर्ची असली तर तिला ठेवून जाईन. नसली तर परत घेऊन जाईन, आणि मग ती माझ्याकडेच राहील. कायमची. आत्ताच सांगून ठेवते, नंतर मी बोलले नव्हते म्हणू नका."

"अगं, पण चांगली मिळायला नको का?"

"तुमचं चांगलं तुमच्यापाशी ठेवा. आईला उठायला कुणाला तरी हाक मारावी लागते, ते तिला आवडत नाही. मग ती उठतच नाही. बसून राहते."

साहेबांनी फोन ठेवला. बाहेर कुणाला सांगायचे नाहीत, पण संध्याकाळ झाली की घर त्यांना खायला उठत होतं. बायकोशिवाय सलग इतके दिवस ते कधी राहिलेच नव्हते. ती परत यायला हवी होती, आणि त्यासाठी मध्ये फक्त एक खुर्ची अडून बसली होती.

शेवटी लाकडाच्या वखारीमागच्या बोळात त्यांना एक म्हातारा सुतार सापडला. एवढीशी खोली, भिंतीवर पटाश्या ओळीने लावलेल्या, जमिनीवर रंध्याखालून निघालेल्या लाकडाच्या सालींचा ढीग. कोपऱ्यात एक खुर्ची होती. साहेबांनी न विचारताच ती उलटी केली आणि सांध्यांवरून बोट फिरवलं. आत एक खिळा नव्हता. सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून केलेले, नखसुद्धा शिरणार नाही इतके घट्ट.

"ही देणार का?"

"ती पोस्टमास्तरांची आहे," सुतार म्हणाला. "तुम्हाला कुणासाठी हवी?"

"बसायला."

"ते कळलं. बसणार कोण?"

साहेबांनी वही काढून मापं वाचून दाखवली. सुताराने वहीकडे ढुंकूनही बघितलं नाही. मुलीच्या घराचा पत्ता तेवढा घेतला आणि दुसऱ्या दिवशी सुतळी घेऊन तिकडे हजर झाला. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, बैठकीपासून कोपरापर्यंत, सगळं मोजलं. मग साहेबांच्या बायकोला म्हणाला, "बाई, आता सावकाश उठून दाखवा." ती उठताना त्याने फक्त तिचे हात बघितले. खोलीवर परतल्यावर तो साहेबांना म्हणाला, "बाई उजव्या हातावर जास्त जोर देतात. उजवा हात दोन बोटं पुढे काढतो."

एकतीस वर्षांत साहेबांनी हजारो शिड्या मोडल्या होत्या, पण शिडी कोण चढणार हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. ते भारावून गेले. पण सवय कुठे जाते?

"बरं, दोन करा," ते म्हणाले.

"बाई दोन आहेत?"

"बाई एकच आहे."

"मग खुर्चीही एकच."

"अहो, पण एक मोडून बघायला..."

सुताराने रंधा खाली ठेवला. "काय करायला?"

"काही नाही, काही नाही. एकच करा." आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी समोरच्याचा चेहरा बघून माघार घेतली.

शनिवारी संध्याकाळी खुर्ची घरी आली. सुताराने ती स्वतः खिडकीजवळ ठेवली, जिथून रस्ता दिसतो तिथे. "उद्या चारच्या आधी येतो," तो म्हणाला. "बाई बसल्या की तुमच्या फरशीप्रमाणे पाय घासून देतो. जमीन कुठेच सरळ नसते. तोवर हिच्यावर कुणी बसू नका."

साहेबांनी शब्द दिला. आणि तो पाळलासुद्धा, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. खुर्चीवर शेवटपर्यंत कुणीही बसलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी तिला आधी नुसतं हलवून बघितलं. हूं की चूं नाही. मग उलटी केली, सुलटी केली, कान लावून ठोकली. कुठे शंकेला जागा मिळेना आणि त्यामुळेच साहेबांच्या जिवाला घोर लागला. एखादा खिळा असता तर त्याच्यावर संशय घेता आला असता. इथे काय? बायको हिच्यावर भरवसा ठेवून अंग टाकणार, आणि समजा नेमका त्याच वेळी पाय गेला तर? आजवर न तपासलेल्या वस्तूवर त्यांनी तिला बसू दिलं नव्हतं. आता तर तिने पडायचंच नव्हतं. साहेब घाबरले होते, अगदी मनापासून घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला जे येतं तेच तो करतो. ते समोरच्या व्यायामशाळेवाल्याला बोलवायला गेले.

व्यायामशाळेवाला गडी दिलदार. वीस आणि दहा किलोच्या लोखंडी चकत्या हातगाडीवर घालून घेऊन आला. "वहिनींसाठी ना? मग पाहिजे तेवढ्या वापरा!"

बैठकीवर जुनी सतरंजी अंथरली, लाकडाला ओरखडा नको म्हणून. साहेब त्याबाबतीत फार काळजी घ्यायचे. मग चकत्या चढू लागल्या. वीस. चाळीस. साठ. खुर्ची ढिम्म. ऐंशी, शंभर. साहेबांनी वाकून चारी पायांना हात लावला. कुठे थरथर नाही.

"झालं की मग," व्यायामशाळेवाला हात झटकत म्हणाला. "वहिनी काय शंभर किलोच्या आहेत?"

इथे साहेब थांबले असते तर आज त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण त्यांच्या डोळ्यांत एव्हाना वेगळीच चमक आली होती. एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर ज्या वस्तू आल्या, त्या सगळ्या कुठे ना कुठे आधीच कुरकुरायच्या. ही कुरकुरत नव्हती. अशी वस्तू हातात आल्यावर ती कुठपर्यंत चांगली आहे, हे कळल्याशिवाय या माणसाला पाणी गोड लागणं शक्य नव्हतं.

"अजून आहेत का?" त्यांनी विचारलं.

दीडशे झाले. दोनशे झाले. दारात शेजारपाजारची पाचसहा माणसं जमली. अडीचशेला समोरच्या बाई "अगंबाई!" म्हणाल्या. तीनशेला व्यायामशाळेवाल्याच्या चकत्या संपल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुर्ची पोटात तीनशे किलो घेऊन शांत उभी होती. साहेबांना इतका आनंद झाला होता, की त्यांनी शेजाऱ्याला मिठी मारली.

"आता विटा आणा," ते म्हणाले.

"विटा कशाला?"

"पुढच्या पायांखाली द्यायला. माणूस मागे रेलतो, तेव्हा सगळा भार मागच्या दोन पायांवर येतो."

"अहो साहेब, वहिनी काय या वयात खुर्चीवर झोके घेणार आहेत?"

"आणि घेतले तर?"

विटा आल्या. चकत्या दोरीने खुर्चीच्या पाठीला आवळून बांधल्या. पहारीने खुर्ची उचलून पहिली वीट सरकवली. खुर्ची मागे कलली आणि तशीच राहिली. दुसरी वीट सरकवली. एक क्षण काहीच झालं नाही. साहेब मागच्या पायाला कान लावून बसले होते, म्हणून तो आवाज पहिल्यांदा त्यांनाच ऐकू आला. काड्कन मागचा डावा पाय तुटला, चकत्या दणादण फरशीवर पडल्या, आणि सगळे चार पावलं मागे पळाले.

धूळ बसल्यावर कुणीतरी सवयीने टाळी वाजवली. एकच. मग त्यालाही कळलं आणि त्याने हात खिशात घातले. शेजारपाजारच्यांना अचानक घरची कामं आठवली.

घड्याळात साडेतीन झाले होते.

साहेब जमिनीवर बसून होते. मघाचा आनंद अजून पुरता उतरला नव्हता आणि नजर पुन्हा पुन्हा घड्याळाकडे जात होती. पाय चिकटवता येईल का? दोरीने बांधता येईल का? बारा वेळा तो तुकडा त्यांनी जागेवर धरून बघितला. दुसरी खुर्ची नव्हती. आजवर नेहमी दुसरी असायची.

पावणेचारला सुतार आला. हातात छोटा रंधा, पाय घासायला. दारातच थांबला. चकत्या बघितल्या, विटा बघितल्या.

"मोडलीत?"

साहेबांनी मान खाली घातली.

सुतार आत आला, गुडघे टेकून बसला, आणि तुटलेल्या लाकडावरून त्याने अंगठा फिरवला. मग बाकीचे सांधे एकेक करून दाबून बघितले. रागाने त्याचे ओठ आवळले होते, पण हात थांबेनात.

"कितीला?" शेवटी त्याने विचारलंच.

"तीनशे. वर दोन विटांचा कल."

"आणि सांधा कुठला सुटला?"

"एकही नाही! लाकूड गेलं, पण सांधा हलला नाही. हे बघा ना."

आता काय सांगावं? म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर अभिमान पसरला. त्याने तो लपवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. पन्नास वर्षं खुर्च्या केल्या होत्या, पण आपला सांधा किती टिकतो हे त्यालाही कधी कुणी दाखवलं नव्हतं. साहेब, सुतार आणि व्यायामशाळेवाला, तिघंही उकिडवे बसून त्या मोडक्या पायाभोवती असे रमले, की बाहेर गाडी थांबल्याचं त्यांना कळलंच नाही.

साहेबांची बायको वॉकर टेकत दारातून आत आली. मागे मुलगी, दोन पिशव्या घेऊन. बायकोने खिडकीजवळ बघितलं. आडवी पडलेली खुर्ची, भिंतीपाशी चकत्या, दोन विटा. चौतीस वर्षं संसार केलेल्या बाईला समजावून सांगायला काही उरलं नव्हतं.

"बस ना आई," मुलगी सवयीने म्हणाली, आणि मग तिच्याही लक्षात आलं. तिने सगळीकडे नजर फिरवली. पलंग मजबूत, पण ठेंगणा. स्टुलं अशी की हत्ती उभा राहील, पण त्यांना हात नव्हते. एकेक वस्तू निवडून घेतलेल्या त्या घरात आईला बसता येईल अशी जागा नव्हती. ती उभीच राहिली, वॉकर धरून. उजव्या हाताची बोटं पांढरी पडली होती.

"कितीला गेली?" तिने शांतपणे विचारलं.

"तीनशे!" साहेबांच्या तोंडून निघून गेलं, आणि मूर्खासारखा त्यांच्या आवाजात पुन्हा उत्साह आला. "तीही तिरकी करून! एकही सांधा सुटला नाही. अशी वस्तू मी जन्मात पाहिली नाही गं. तू बघ तरी..."

"माझं वजन किती आहे?"

साहेबांनी आठवून बघितलं. कुठली शिडी किती किलोला मोडली होती, ते त्यांना अजून तोंडपाठ होतं. बायकोचं वजन त्यांना माहीत नव्हतं.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

"तू पडशील अशी भीती वाटली मला. खरंच सांगतो."

"वाटली असेल. पण ती शंभराला पास झाली असेल ना? मग पुढचे दोनशे कशासाठी?"

साहेबांना खोटं बोलता येत नसे. कारखान्यातही कधी बोलले नव्हते. "बघायचं होतं," ते म्हणाले.

तिने मान हलवली. त्यांनी हेच सांगावं अशी तिची अपेक्षा होती. "तुम्हाला बघायचं होतं," ती म्हणाली. "आणि मला बसायचं होतं."

मग तिने वॉकर वळवला. तो वळवायला तिला चार लहान लहान पावलं टाकावी लागली, आणि तेवढ्या वेळात साहेबांना काहीतरी बोलायला हवं होतं. ते पुढे झाले, हात धरायला गेले, पण मुलगी आधीच तिच्या बाजूला होती. "राहू द्या," बायको म्हणाली. रागावून नाही. दमली होती, एवढंच. पिशव्या आल्या तशाच परत गाडीत गेल्या.

गाडी वळणाआड गेली तरी साहेब दारातच उभे होते. व्यायामशाळेवाल्याने आवाज न करता चकत्या गोळा केल्या आणि तो निघून गेला. सुतार मागे थांबला होता, तुटलेला पाय हातात घेऊन.

"दुसरी करू का?" त्याने विचारलं.

"करा."

"तीन आठवडे लागतील. झाली की इथे आणतो."

"इथे नको," साहेब म्हणाले. "परस्पर मुलीकडे न्या."

"आणि तुम्ही? आधी खोलीवर येऊन बघून जाणार असाल, तर तसं सांगा."

साहेब वळले. डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"मला दाखवू नका," ते म्हणाले. "ती बसली की तेवढं कळवा."